तिथी बघून चाला : केळशी ते दाभोळ, किनाऱ्याने पायी

दापोली तालुक्याचा किनारा गाडीतून बघणाऱ्याला इथली गावं एकमेकांच्या किती जवळ आहेत हे कधी कळत नाही. रस्ता प्रत्येक गावाला डोंगरावरून उतरतो आणि पुन्हा डोंगरावर चढतो. मुरुडहून लाडघरला जायचं तर वळणं, चढ, सडा, पुन्हा वळणं. पुळणीवर उभं राहून पाहिलं तर कर्द्याच्या टोकाला डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं दिसतं आणि त्याच्या पलीकडे लगेच लाडघर. उत्तरेला केळशी, दक्षिणेला दाभोळ आणि मध्ये आडे, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. सवडीने चाललं तर चार दिवसांत हा पट्टा पायी होतो.

ही कुणी आखून दिलेली वाट नाही. दगडांवर बाण रंगवलेले नाहीत, अंतराचे फलक नाहीत. आधी पुळण, मग डोंगराचं नाक, मग खाडी आणि पलीकडे पुन्हा पुळण, असा क्रम गावागणिक येत राहतो. पुळण पाण्याच्या कडेने चालायची, नाक वरून सड्याने ओलांडायचं आणि खाडी पुलावरून, पूल नसेल तिथे होडीने. यातली प्रत्येक गोष्ट समुद्र त्या घटकेला कुठे आहे यावर अवलंबून असते. सह्याद्रीत ट्रेक ठरवताना आपण चढाई किती, अंतर किती हे विचारतो. इथे पहिला प्रश्न ओहोटी किती वाजता हा. ज्यांनी तो विचारला नाही, ते भर दुपारी मऊ वाळूत घोट्यापर्यंत रुतत चालतात आणि संध्याकाळी कोकण कसं दमवतं ते सगळ्यांना सांगतात.

आधी पंचांग, मग नकाशा

किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच, कारण चंद्र आणि सूर्य एका रेषेत येण्याची गोष्ट पौर्णिमेलाही घडते आणि अमावास्येलाही. रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेच या पाऊणपटीत आहे.

या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज पडते, शिवाय पंचांगातली तिथी दुपारी बदललेली असू शकते. म्हणून दिवस निवडायला तिथी वापरावी आणि घड्याळाची वेळ ठरवायला रत्नागिरी बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. फोनवर ते सहज मिळतं.

आता मुद्द्याचं. चालायला सगळ्यात चांगले दिवस कोणते? माझं उत्तर ठाम आहे : कोणत्याही पक्षातली द्वितीया ते पंचमी. द्वितीयेला पूर्ण ओहोटी पावणेआठच्या सुमारास येते, तृतीयेला साडेआठ, चतुर्थीला सव्वानऊ, पंचमीला दहा. म्हणजे सकाळी उजाडताना निघालात की पाणी मागे हटत असतं, ओली घट्ट वाळू पायाखाली रुंद होत जाते आणि ऊन तापायच्या आत दिवसाचं मोठं अंतर सरलेलं असतं. दुसरा फायदा असा की उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकतो. या दिवसांत भरती मोठी असते, पण ओहोटीही तेवढीच खोल जाते. एरवी पाण्याखाली असणारी वाळू मोकळी पडते.

अष्टमी-नवमीला याच्या उलट. भांगाचं पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही, त्यात ओहोटी ऐन बारा-एक वाजता. डोक्यावर ऊन घेऊन चालायचं आणि तेही अरुंद पट्ट्यावरून. प्रत्यक्ष पौर्णिमेला ओहोटी पहाटेच होऊन जाते, सातनंतर पाणी वेगाने अंगावर यायला लागतं. त्या दिवशी दुपारच्या चालण्यावर फुली मारावी आणि संध्याकाळी पुळणीवर नुसतं फिरावं.

भरती एकसारखी चढत नाही, हे नवख्याला माहीत नसतं. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जवळजवळ हललेलंच वाटत नाही. मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात, म्हणजे मधल्या दोन तासांत, निम्मं पाणी चढतं. पहिल्या तासावरून पुढचा अंदाज बांधणारा माणूस नेमका इथे फसतो. म्हणून एक नियम पाळा : ज्या जागी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, तिथून पूर्ण ओहोटीनंतर दोन तासांच्या आत बाहेर पडलेलं असलंच पाहिजे. उधाणात इथे पाण्याची पातळी दोन मीटरहून जास्त बदलते. सपाट पुळणीवर दोन मीटर म्हणजे पाणी शेकडो पावलं आत येतं, आणि कड्याखाली म्हणजे डोक्यावरून.

महिन्यांबद्दल फार सांगायला नको. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो, मार्चनंतर सड्यावर पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात हा विचारच करू नये. १ जून ते ३१ जुलै मच्छीमारांच्या यांत्रिक बोटींनाही समुद्रात जायला बंदी असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसतात, तेव्हा आपण पुळणीवर कड्याखालून जाण्यात कसलाही पराक्रम नाही.

चालायची दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो, तो पाठीवर येतो. सकाळी सूर्य डाव्या हाताच्या डोंगरामागून वर यायला वेळ घेतो, तोवर पुळण सावलीत असते. एक तोटा आहे. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना उजवा पाय सतत थोडा खाली पडतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा किंवा कंबर बोलायला लागते. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या अगदी कडेला वाळू सपाट असते, तिथून चालावं. म्हणजे पुन्हा तिथीच.

केळशीहून आंजर्ल्याला

आदल्या दिवशी केळशीत मुक्कामाला पोचा. कोकण रेल्वेने खेड, खेडहून एसटीने दापोली आणि दापोलीहून केळशीची गाडी. आगरांमधून जाणाऱ्या आळ्या, महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, यांना संध्याकाळ पुरते. उत्तरेच्या टोकाला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. काही संशोधकांनी तिचा संबंध सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी जोडला आहे. बघायला जरूर जा, पण तिच्या अंगावर चढू नका. तिची वाळू आधीच ढासळते आहे.

सकाळी उजाडताना पुळणीवर या. केळशीची पुळण लांब, मोकळी आणि बहुतेक वेळा निर्मनुष्य. दक्षिणेला उटंबरचा डोंगर दिसतो, तिथपर्यंत सरळ चालायचं. डोंगराच्या पायथ्याशी खडप सुरू होतं आणि नवख्याला वाटतं की ओहोटी आहे, खडकांवरून वळसा मारून पलीकडे जाऊ. जाऊ नये. खडपावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. त्यावर शेवाळ. घसरलं की हात टेकतो आणि तळहात फाटतो. शिवाय वळसा किती लांब आहे ते अर्ध्यावर गेल्याशिवाय कळत नाही आणि तेव्हा पाणी फिरलेलं असतं. वरून रस्ता आहे, तो धरा. चढ छातीवर येतो, पण वर पोचल्यावर मागे केळशीची सगळी पुळण आणि पुढे आड्याचा समुद्र एका नजरेत येतो.

आड्याला भार्गवरामाचं देऊळ आहे. तिथे पाणी भरून घ्या, थोडं बसा. पुढे पाडल्याची पुळण आणि ती संपली की काही अंतर किनाऱ्याच्या रस्त्याने. वाटेतलं मुर्डी हे कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचं जन्मगाव. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं ज्या वाड्यांत भांडली, त्या वाड्या याच मुलखातल्या. निघण्यापूर्वी एखादी वाचून आलात तर आगराच्या बांधावरून चाललेलं बोलणं जास्त कळेल.

आंजर्ल्यात मुक्काम करा. कड्यावरचा गणपती बघायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पायऱ्या चढून. उजव्या सोंडेची मूर्ती आहे आणि देवळाच्या आवारातून सुवर्णदुर्ग दिसतो. कृष्णपक्षात निघाला असाल तर एक जमून येतं : द्वितीयेला केळशी सोडलीत की तृतीयेला सकाळी तुम्ही देवळात असता आणि संकष्टीची गर्दी चतुर्थीला येते. अंगारकीच्या दिवशी तर या बाजूला फिरकूही नका, खोलीही मिळणार नाही.

हर्णै, मुरुड, कर्दे

आंजर्ले आणि हर्णै यांच्यामध्ये जोग नदीची खाडी. पूर्वी इथे तर चालायची, आता पूल आहे. खाड्यांबद्दल इथेच सांगून टाकतो. पुळण कापून समुद्रात जाणारा लहान पऱ्या असेल तर ओहोटीच्या वेळी तो समुद्राच्या तोंडाशी पसरून घोट्याएवढा होतो, तिथून ओलांडावा. आतल्या बाजूला अरुंद दिसतो म्हणून तिथून जाऊ नये, अरुंद आहे तिथेच तो खोल असतो. मोठी खाडी मात्र कधीही चालत किंवा पोहत ओलांडू नका, कितीही शांत दिसली तरी. ओहोटीला आतलं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर ओढलं जातं आणि त्या ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही चालत नाही. खारफुटीच्या कडेचा चिखल हा तिसरा प्रकार. तो वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत जातो. तिथून जवळचा रस्ता शोधूच नये.

पूल ओलांडून पाजपंढरीच्या कोळीवाड्यातून हर्णैला या. वाटेवर जाळी पसरलेली असतात, मासळी वाळत घातलेली असते. त्यावर पाय पडू देऊ नका. फोटो हवा असेल तर आधी विचारा. मावशी बहुधा हो म्हणतात, पण न विचारता फोटो काढणाऱ्याला ज्या शब्दांत ऐकवतात ते इथे छापता येणार नाही.

हर्णैत दुपार काढा, कारण तोवर भरती चढलेली असते आणि पुढची पुळण अरुंद झालेली असते. समुद्रातला सुवर्णदुर्ग कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं होता. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या संगनमताने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच सत्तेने आपलंच आरमार मोडायला परक्याची मदत घेतली, याची चर्चा हर्णैच्या चहाच्या टपरीवर आजही होऊ शकते. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे जोडीदार आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे. सुवर्णदुर्गाला होडीने जाता येतं. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो आणि भरतीच्या लाटा असतील तर होडीवाला नाही म्हणतो. तो नाही म्हणाला की जास्त पैसे देऊन गळ घालू नका. दुपारनंतर बंदरात बोटी लागतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. तो बघायला थांबलात तर मुरुडला पोचायला अंधार पडेल, पण मी म्हणेन थांबा. पुढचं अंतर रिक्षाने जा आणि पाळंदे-सालदुऱ्याची पुळण सोडून द्या. सगळं पायीच झालं पाहिजे असा हट्ट कुणी सांगितला आहे?

मुरुडचे रस्ते, दोन्ही अंगांचे गडगे आणि दुर्गादेवीचं देऊळ हे सगळं गावातून रमतगमत बघायचं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं बालपण या गावात गेलं. चालणाऱ्याने त्यांची एक गोष्ट माहीत करून घ्यावी : शाळकरी वयात ते सोबत्यांबरोबर भर पावसात मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले, परीक्षेला बसायला. वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. घाट चढून जाणारी ती वाट आणि आपली ही सपाट पुळण, दोन्हींची बरोबरी करण्याचं कारण नाही, पण पाय दुखायला लागले की ती गोष्ट आठवायला बरी असते.

मुरुडपासून कर्द्यापर्यंतची पुळण या सगळ्या वाटेवरची सर्वांत सुखाची. ओली वाळू इतकी घट्ट की पावलाचा ठसाही धड उमटत नाही. आणि म्हणूनच तिच्यावर मोटारी येतात. शनिवार-रविवारी घोडे, उंटगाड्या, पॅरासेलिंगच्या दोऱ्या आणि वाळूत गोल गोल फिरणाऱ्या जीप. यावर बोलून उपयोग नाही, त्यामुळे इथे मधल्या वारी पोचाल असा बेत आखा. सकाळी डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. इंजिन बंद ठेवून लांबून दाखवणारा होडीवाला निवडा. पाठलाग करणाऱ्याच्या होडीत बसू नका.

नाकावरून पलीकडे

कर्दे संपतं तिथे डोंगर समुद्रात घुसतो. लाडघरला जायला सड्यावर चढावंच लागतं. या किनाऱ्यावर जुन्या पाखाड्या आहेत, जांभ्याच्या पायऱ्यांच्या. काही वापरात आहेत, काही करवंदीच्या जाळीत बुजल्या आहेत. नकाशावर ठिपक्यांची रेघ दिसते म्हणून वाट असेलच असं नाही. त्यामुळे विचारायचं, आणि बागेत काम करणाऱ्या माणसाला विचारायचं, रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला नाही.

“काका, इथून लाडघरला उतरायला पाखाडी आहे ना?”

“आहे की. पण मधे कलमाच्या बागेचा बेडा लागेल, तो लावून घ्या परत. गुरं शिरतात.”

एवढ्या एका वाक्यात वाटही मिळते आणि परवानगीही. बेडा उघडला तर लावायचा, गडगा ओलांडताना वरचे दगड पाडायचे नाहीत आणि आंब्याच्या, काजूच्या बागेत खाली पडलेलं फळही न विचारता उचलायचं नाही. ‘इथेच पलीकडे’ म्हणजे किती, हे मात्र विचारू नका. कोकणात ते पंधरा मिनिटंही असतं आणि दीड तासही.

सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही. माणशी दोन ते तीन लिटर पाणी जवळ हवंच. वाळलेल्या गवतातून चालताना काठी आपटत चला, फुरसं याच रंगाचं असतं. पायात घोट्याला आधार देणारे हलके बूट सड्यासाठी आणि पट्ट्यांचे सँडल पुळणीसाठी, असे दोन जोड घेतले तर पाय वाचतात. अनवाणी चालायचा मोह होतो, तो फक्त मोकळ्या पुळणीवर पुरवावा. उथळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत न्यावा. वाळूत पाकट दडून बसलेला असतो, पायाची चाहूल लागली की तो सरकून जातो, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि डॉक्टर गाठावा. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेचा १०८ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण नाकापलीकडे गेलं की फोनची रेंज जाते.

लाडघरच्या पुळणीचा एक भाग तामसतीर्थ म्हणून ओळखला जातो. तिथल्या तांबूस दगडमातीमुळे पाणी लालसर दिसतं. पुढे बुरोंडी. वर सड्यावर पृथ्वीच्या गोलावर उभा केलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे, तो लांबूनच दिसायला लागतो.

बुरोंडी ते कोळथरे आणि तिथून दाभोळ हा शेवटचा टप्पा मी सगळा पायी करायला सांगणार नाही. बराचसा भाग सड्यावरच्या डांबरी रस्त्याने जातो, वळणांवर गाड्या अंगावर येतात आणि समुद्र क्वचित दिसतो. चालायचा हट्ट पुळणीवर करावा. डांबर आलं की एसटीला हात करावा. कोळथऱ्याला मात्र उतरा. कोळेश्वराचं देऊळ, नारळी-पोफळीची दाट आगरं, त्यांतून वाहणारं पाटाचं पाणी आणि मागे शांत पुळण. एक मुक्काम इथे टाकलात तर प्रवास पाच दिवसांचा होईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही.

घरात राहताना

केळशी, आंजर्ले, मुरुड, कोळथरे या सगळ्या गावांत घरगुती राहण्याची सोय होते. आधी फोन केलेला बरा. जेवण आयत्या वेळी मागू नका. सकाळी निघतानाच पुढच्या मुक्कामाच्या घरी कळवा की इतकी माणसं, इतक्या वाजता. काकूंना नारळ खवायचा असतो, कोकमाचं आगळ काढायचं असतं, मासे आणायचे असतात. शाकाहारी घरी मासे मागू नयेत आणि बाहेरून आणलेले मासे त्यांच्या ओट्यावर ठेवू नयेत, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. पोचल्यावर अंगणातच पाय धुवा, वाळू घरात नेऊ नका. रोख पैसे जवळ ठेवा. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे असले तर ऊन लागत नाही आणि देवळाच्या, आळीच्या वाटेने जाताना कुणाच्या डोळ्यावरही येत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली आगरंच्या आगरं आडवी झाली. घराच्या मागे पोफळीची उंच जुनी झाडं कमी आणि लहान रोपं जास्त दिसली तर त्याचं कारण हे आहे. सुपारीचं रोप उत्पन्न द्यायला बरीच वर्षं घेतं. पाहुण्यांची खोली त्या घराला आता पूर्वीपेक्षा जास्त हवी असते. म्हणून खोलीच्या भाड्यावरून घासाघीस करताना हात जरा आवरता घ्यावा.

थंडीच्या महिन्यांत रात्री पुळणीवर फिरायला जाणार असाल तर एक पथ्य. ऑलिव्ह रिडले कासवं याच किनाऱ्यावर अंडी घालतात. केळशीच्या उत्तरेला असलेल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने संवर्धन सुरू केलं आणि ते काम पुढे आंजर्ले, कोळथऱ्यासारख्या गावांतही पसरलं. २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याला ‘सावनी’ या माद्यांच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवून त्यांचा प्रवास टिपला गेला. वर येणारी मादी विजेरीच्या उजेडाने बिचकते आणि अंडी न घालताच परत फिरते. तेव्हा विजेरी बंद, फ्लॅश बंद, शेकोटी नाहीच. ट्रॅक्टरच्या चाकासारखी दुहेरी नक्षी वाळूत दिसली तर तिच्यावरून चालू नका, उकरू नका, गावातल्या कासवमित्राला सांगा. फेब्रुवारीनंतर आलात तर पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात, पण मग उन्हाची तयारी ठेवा.

दाभोळला पोचल्यावर

दाभोळ हे मध्ययुगातलं मोठं बंदर. आज खाडीच्या काठची जुनी मशीद आणि डोंगरातल्या गुहेत असलेलं चंडिकादेवीचं देऊळ एवढ्याच त्याच्या ठळक खुणा. चंडिकेच्या गुहेत वीज नाही, समईच्या उजेडात वाकून आत जायचं. डोळे सरावायला मिनिटभर थांबावं आणि मगच पाऊल टाकावं.

इथे वाशिष्ठी नदीची रुंद खाडी आडवी येते. २००३ पासून दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये मोटारी नेणारी फेरीबोट चालते. पायी माणसाचं तिकीट किरकोळ असतं. मोटारी चढेपर्यंत बाजूला उभं राहावं आणि शेवटी चढावं. धोपाव्याला उतरलं की गुहागरची एसटी किंवा रिक्षा मिळते. एसटीच्या वेळा दाभोळच्या धक्क्यावरच विचारून घ्या, पलीकडे गेल्यावर विचारायला माणूस सापडेलच असं नाही.

पाय अजून चालायला तयार असतील तर गुहागरची लांबलचक पुळण समोर आहे, आणि पुढे तवसाळ-जयगडची फेरी घेऊन गणपतीपुळ्याकडेही जाता येतं. पण तोवर षष्ठी-सप्तमी उजाडलेली असेल, ओहोटी अकराच्या पुढे गेलेली असेल आणि पाणीही भांगाचं असेल. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घ्या, दुपारी झोपा, आणि तो टप्पा पुढच्या पंधरवड्यातल्या द्वितीयेवर टाका.